वाइपआउट ओमेगा: रेपियरला जहाज भिंतीवर का आपटतं?

नांदेडकर_पीएस४:
पीएस४ स्लिमवर वाइपआउट ओमेगा कलेक्शन, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या जहाजांच्या शर्यतीचा गेम, खेळायलोय. व्हेनम आणि फ्लॅश हे स्पीड क्लास निघाले, पण त्यांच्याहून वेगवान रेपियरला प्रत्येक वळणावर जहाज भिंतीवर आपटायलंय. दुसऱ्या लॅपलाच जहाजाची एनर्जी (ती संपली की जहाज फुटतं) संपतीय. जहाज पिरान्हा, पायलट असिस्ट (जहाज आपोआप भिंतीपासून दूर ठेवणारी मदत) बंद. एअरब्रेक (जोरात वळायला एका बाजूचा ब्रेक) दाबून धरला की वळतंय, पण स्पीड पार जातो. कुठं चुकायलंय? आणि पुढं या गेममध्ये काही आहे का, की तेच तेच ट्रॅक?

लातूर_रेसर:
आधी जहाज बदला. पिरान्हा सरळ रस्त्यावर पळतं, वळायला जड. रेपियर शिकायला फायसार घ्या, हँडलिंग मऊ.

एअरब्रेक धरून ठेवायचा नसतो. त्याचे डावा-उजवा ट्रिगर, एल२-आर२, हे अर्धे दाबता येतात, त्याचाच उपयोग करायचा. वळण सुरू व्हायच्या आधी, म्हणजे नाक अजून सरळ असतानाच, आतल्या बाजूचा ट्रिगर अर्धा दाबा आणि स्टिक त्याच बाजूला न्या. नाक वळणाच्या आतल्या कडेकडं फिरलं की लगेच सोडा. वळणात शिरल्यावर दाबला तर उशीर झालेला असतो, म्हणून तुम्हाला जास्त दाबावा लागतोय आणि स्पीड मरतोय. थोडंसंच सरकायचं असेल तर तोच ट्रिगर पटकन दोनदा दाबा, जहाज आडवं सरकतं.

एनर्जीसाठी: हत्यार मिळालं की सरसकट चौकोन दाबून उडवू नका. गोल दाबून शोषून घ्या, एनर्जी भरते. हवेत बॅरल रोल (स्टिक डावं-उजवं-डावं, जहाज गोल फिरतं) केला की टर्बो मिळतो, पण एनर्जी कापली जाते. एनर्जी कमी असताना रोल म्हणजे आत्महत्याच.

सराव रेसबॉक्समध्ये (आपली रेस आपणच निवडायचा मोड) विनेटा के ट्रॅकवर टाइम ट्रायल लावून करा, समोर कुणीच नसतं.

बीड_६०एफपीएस:
वरचं सगळं बरोबर, पण टीव्हीपण तपासा. ताशी 600 किमीला जहाज सेकंदाला 167 मीटर जातं. टीव्ही 100 मिलिसेकंद मागं असला तर चित्र 16-17 मीटर जुनं दिसतं, म्हणजे वळण दिसेपर्यंत तुम्ही त्याच्यात घुसलेले असता! पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, मोशन स्मूदिंग बंद. आणि कंट्रोलरला नुसती वायर लावून भागत नाही. सेटिंग्ज, डिव्हायसेस, कंट्रोलर्समध्ये कम्युनिकेशन मेथड यूएसबी केबल करा, नाहीतर तो ब्लूटूथवरच चालतो.

औंढा_झोन:
कमतरता खऱ्या आहेत. 2017 च्या या संचातले 26 ट्रॅक सगळे आधीच्या वाइपआउट एचडी, फ्युरी आणि 2048 या गेममधले, नवा एकही नाही. उलटे फिरवता येतात, पण वळणं तीच. 2048 चे ट्रॅक शहरातले, गजबजलेले. इमारती आणि जाहिरातींच्या गर्दीत पुढचं वळण नीट दिसत नाही. गेमला कथा अशी नाहीच.

पण झोन मोड खेळा. तिथं अॅक्सिलरेटर तुमच्या हातात नाही, स्पीड आपोआप वाढत जातो आणि तुम्ही फक्त वळायचं. भिंतीला न घासता एक पूर्ण झोन (स्पीडचा एक टप्पा) काढला तर थोडी एनर्जी परत मिळते. रेपियरची वळणं हातात बसवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. एका टीव्हीवर दोघांना स्प्लिट स्क्रीनही आहे, नेट लागत नाही.

आणि लाईट जायचा भाग असेल तर इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. नॉर्मल मोडवर बदलीला वेळ लागतो, तेवढ्यात पीएस४ बंद पडतो आणि चालू असलेली रेस जाते.