मस्कतला नोकरी, गाडी औशाला: वर्षाला 41 हजार जाऊ लालेत, काय करावं?

औसा_ते_मस्कत
नमस्कार मंडळी. चार वर्षांपासून मस्कतला साइटवर आहे, वर्षातून एकदा महिनाभर गावी येतो. गाडी माझ्या नावावर, 2017 ची डिझेल सेडान, 1248 सीसी, बीएस-4, एमएच-24. घर औसा तालुक्यात. गाडी अण्णा (वडील, वय 67) चालवतात. बाजार, बँक, कधी तुळजापूर, आणि तीन महिन्याला आईला सोलापूरला दवाखान्यात दाखवायला.

गेल्या वर्षात जेमतेम 3,200 किलोमीटर चालली. डिझेल सोडून खर्च 41,000. विमा 11,000, सस्पेन्शन 14,800, सर्व्हिसिंग 5,500, उंदरांनी वायरी कुरतडल्या त्याचे 3,500 आणि नवीन बॅटरी 6,200. ती बॅटरी बी पाच महिन्यात तीनदा उतरली. मिस्त्री वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअपवर टाकतो, मी पैसे पाठवतो. खरंच काय बदललं ते इथून कळत नाही.

बजेट वर्षाला 25 हजार, विम्यासकट. नवीन गाडी घ्यायची नाही, यंदा बहिणीचं लग्न आहे. गाडी ठेवावी का विकावी, आणि ठेवली तर लांबून कशी सांभाळावी, एवढं सांगा.

नांदेडकर_26
डिझेलचा नाद सोडा भाऊ. मी दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक घेतली, घरी सोलर आहे. नांदेड-संभाजीनगर सहज करतो. ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच नाही. आजवर वायपरचं पाणी आणि टायर, एवढाच खर्च. थोडे पैसे वाढवा आणि एकदाच मोकळे व्हा.

शारजा_परभणी
विकून टाका. मी पण हेच केलं. आम्ही इकडं राबायलो आणि गाडी तिकडं गंजायली, काय अर्थ आहे? इथं शारजात मुलकिया, म्हणजे गाडीची नोंदणी, दरवर्षी नवी करावी लागते, तीन वर्षांवरच्या गाडीला आधी पासिंग, पॉलिसी 13 महिन्यांची. त्याच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, म्हणून सगळे टायमावर करतात. आपल्याकडं कुणी विचारत नाही म्हणून राहून जातं आणि मग एकदम भुर्दंड बसतो. सोलापूरला वर्षातून चार वेळा जायचं तर भाड्याची गाडी सांगा.

बीडचा_बप्पा
भाड्याची गाडी म्हणणं सोपं आहे. बाहेरगावी नेली की बहुतेक जण दिवसाला 300 किलोमीटरचं किमान भाडं धरतात, वर ड्रायव्हरचा भत्ता. आणि रात्री दोनला आईच्या छातीत दुखलं तर गाडी कुठून आणणार? माझ्या वडिलांच्या वेळेस दारात गाडी होती म्हणून वेळेत पोचलो. विकू नका.

मात्र गल्लीतल्या मिस्त्रीवर विश्वास ठेवू नका. आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर बी नको. मला एका सेंटरवाल्यानं 19 हजारांचं बिल लावलं, त्यात 'इंजिन ड्रेसिंग' म्हणून 900. बॉनेट उघडून बघितलं तर वरून चकचकीत फवारा मारलेला, बाकी काही नाही. तवापासून पार्ट मी स्वतः आणतो आणि समोर बसून बसवून घेतो.

उदगीर_गॅरेज
22 वर्षं हेच काम करतोय, म्हणून लिहितो.

3,200 किलोमीटरला सस्पेन्शन जाण्याचं कारण रस्ता असू शकतो, पण 14,800 म्हणजे नेमकं काय टाकलं ते विचारा. लोअर आर्म, लिंक रॉड, स्ट्रट माउंट, शॉकअब, नावं वेगळी आणि दर वेगळे. इथून पुढं मिस्त्रीला सांगा, जुना पार्ट डिकीत ठेवायचा आणि काढतानाचा व्हिडिओ पाठवायचा. प्रामाणिक माणूस नाही म्हणणार नाही.

ऑइल किलोमीटरवर ढकलू नका. 10 हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच टाकू देऊ नका, आपल्या भागातल्या पाण्यात क्षार एवढे की आत खपली धरते. कुलंटच टाका.

गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असली तर हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, लायनर चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकाला वीट लावायची. टायरमध्ये हवा दोन-तीन पॉइंट जास्त.

बॅटरीचं म्हणाल तर नवी बॅटरी पाच महिन्यात तीनदा उतरत असेल तर दोष बॅटरीचा नाही. कुठंतरी करंट खाऊ लालाय. गाडी बंद करून, कुलूप लावून, अर्ध्या तासानं निगेटिव्ह वायरीत मीटर लावा. 50 मिलिअँपियरच्या वर दाखवत असेल तर फ्यूज एकेक काढून शोधायचं. नाहीतर गाडी फारच जवळ-जवळ चालते. डिझेलला ग्लो प्लग आणि स्टार्टरला करंट भरपूर लागतो, बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन तो परत भरत नाही.

नांदेडकर_26
डिझेल जवळ-जवळ चालवली की डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, पण चोंदतो. माझ्या मेव्हण्याला 70 हजारांचा फटका बसला. म्हणून म्हणतो इलेक्ट्रिक.

उदगीर_गॅरेज
भाऊ, त्यांची गाडी 2017 ची बीएस-4 आहे. त्यात डीपीएफ नाहीच. तो 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेलचा विषय.

बीडचा_बप्पा
उंदरांचं कुणीच बोललं नाही. माझी इन्शुलेशनची चादर आख्खी नेली होती. तंबाखूची पानं पुरचुंडी बांधून बॉनेटमध्ये ठेवा, उंदीर फिरकत नाहीत.

उदगीर_गॅरेज
तंबाखूचा वास आठ दिवसांत जातो. सोयाबीनची पोती गाडीजवळ ठेवली असतील तर ती आधी हलवा. खालून बारीक जाळी मारून घ्या, चार-पाचशेत होते.

हिंगोलीची_सून
भाऊ, माझे मिस्टर दोह्याला असतात, सहा वर्षं गाडीचं सगळं मीच बघते. इथं सगळे मशीनबद्दल बोलायलेत. मला कागदांबद्दल विचारायचंय.

एक, 1500 सीसीच्या आतल्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी 3,416 अधिक जीएसटी आहे. नऊ वर्षांच्या गाडीचा विमा 11 हजार कसा? तुमचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सवलत, गेला का?

दोन, तुमच्या पॉलिसीत 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर असेल. ते मालक-चालकाचं आहे, म्हणजे तुमचं. गाडी चालवतात अण्णा. उद्या देव न करो काही झालं तर त्या कव्हरमधून त्यांना काही मिळत नाही. गाडीत बसणाऱ्यांसाठी वेगळं कव्हर जोडून घ्या, प्रीमियममध्ये फार फरक पडत नाही.

तीन, आणि हे आजच बघा. अण्णांच्या लायसनची तारीख काय आहे? पंचावन्ननंतर लायसन पाच-पाच वर्षांचंच मिळतं. आमच्या सासऱ्यांचं संपून सात महिने झाले होते, घरात कुणालाच माहीत नव्हतं. मुदत संपलेल्या लायसनवर गाडी ठोकली तर विमा कंपनी हात वर करते.

नंबर प्लेटचं काम झालं का? एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लागते, कारला 745 अधिक जीएसटी.

औसा_ते_मस्कत
ताई, पोटात गोळा आला. अण्णांना आत्ताच फोन करून लायसनचा फोटो मागवला. मुदत मार्चमध्येच संपलीय. एवढे महिने ते तसेच चालवत होते, आईला घेऊन सोलापूरला सुद्धा.

विम्याचं तुम्ही म्हणलात तेच झालंय. मागच्या वर्षी इथं कामाच्या गडबडीत चार महिने उशीर झाला. 45 टक्के एनसीबी होता, तो गेला. 90 दिवसांच्या वर गेलं की जातो हे मला नंतर कळलं. प्लेट बसवलीय.

हिंगोलीची_सून
घाबरू नका. मुदत संपून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर परत टेस्ट द्यावी लागत नाही. डॉक्टरांचं फॉर्म 1-ए लागतं, डोळे नीट तपासून घ्या. तोवर अण्णांना गाडीला हात लावू देऊ नका.

आणि तुमचं भारतातलं सिमकार्ड रोमिंगवर चालू ठेवा. आरसीला जो नंबर आहे त्यावरच ओटीपी येतो, चलनाचा मेसेज पण त्यावरच. बऱ्याच जणांचा विमा आणि पीयूसी याच्यामुळंच अडकतो.

शारजा_परभणी
पैसे पण घरच्या हातून पाठवू नका. एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या, बँक खात्याला इथला नंबर जोडून यूपीआय चालतं, 2023 पासून. ओमान त्या यादीत आहे. मिस्त्रीला थेट द्या, हिशेब फोनमध्येच राहतो. बाकी माझं मत तेच, विका. विकली तरी एनसीबी असलेल्यांना सर्टिफिकेट घेऊन ठेवता येतं, तीन वर्षांत नवीन गाडीला वापरता येतं.

बीडचा_बप्पा
गाडी वडिलांच्या नावावर करून टाका ना, म्हणजे ते कव्हरचं बी मिटलं.

हिंगोलीची_सून
चालतं, पण एनसीबी माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. पुढं जो जमेल तो पण अण्णांना शून्यापासून जमवावा लागेल. यांचा तसाही गेलाय, म्हणून नाव बदलायचं असेल तर हीच वेळ.

नांदेडकर_26
सोलापूरला जाताना वर्षाचा फास्टॅग पास काढा, 2025 ला 3,000 रुपयांत 200 फेऱ्या होत्या. मी काढलाय, लई फायदा.

बीडचा_बप्पा
वर्षाला चार खेपा करणाऱ्याला तीनेक हजारांचा पास? आणि तो समृद्धीवर चालत नाही, फक्त राष्ट्रीय महामार्गावर. माझा मावसभाऊ जालन्यातून चढला आणि टोलनाक्यावर वाद घालत बसला.

नांदेडकर_26
मी समृद्धीचं म्हणलोच नाही.

औसा_ते_मस्कत
बॅटरीचा उलगडा झाला. उदगीरच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणं चुलतभावाला मीटर घेऊन पाठवलं. करंट 30 मिलिअँपियर, म्हणजे दोष नाही. पण तो संध्याकाळी सातला गेला होता, तेव्हा अण्णा गाडीतच बसले होते. इंजिन बंद, चावी एक घर फिरवलेली, काच खाली, आणि टेपवर भजन. आईला संध्याकाळच्या गोळीनं लवकर झोप लागते. घरात आवाज केला की ती दचकून उठते. म्हणून अण्णा तास-दीड तास गाडीत बसून ऐकतात, रोज. मला चार वर्षांत एकदाही बोलले नाहीत.

उदगीर_गॅरेज
मग सोपं आहे. त्यांना पाच-सातशेचा ब्लूटूथ स्पीकर पाठवा, गाडीत बसणं बंद करा. बॅटरी चार वर्षं हलणार नाही.

शारजा_परभणी
बरोबर. स्पीकर द्या आणि गाडी विका.

हिंगोलीची_सून
मला पण स्पीकरचं पटतं, भाऊ. नसता नवीन बॅटरी पण जाईल.

औसा_ते_मस्कत
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर होईल.

गाडी विकत नाही. नावावरही करत नाही. अण्णांना आरटीओत दोन-दोन खेटे घालायला लावायचे नाहीत. लायसनचा अर्ज भरलाय, गुरुवारी लातूरला डोळे तपासायचेत. ते हातात येईपर्यंत चुलतभावाचा पोरगा गाडी चालवील, त्याचं लायसन मी फोटो मागवून बघितलं. दर रविवारी तो लातूरपर्यंत जाऊन येईल, म्हणजे जाऊन-येऊन 40 किलोमीटर होतात. त्याला महिन्याला 500 देणार. विमा पूर्णच घेतोय, बसणाऱ्यांचं कव्हर जोडून. नुसता थर्ड पार्टी घ्यायला मन होत नाही. सगळं धरून 28-29 हजारांवर जाईल, बजेटच्या वर. चालेल.

स्पीकर पाठवत नाही. गाडीत बसायची त्यांची सवय मला मोडायची नाही. ओसरीत बॅटरीचा चार्जर बसवतो, भजन झालं की क्लिपा लावायच्या आणि सकाळी काढायच्या. उदगीरच्या भाऊ, आपोआप बंद होणारा चार्जर घ्यायचा असेल तर किती अँपियरचा बघू? आणि बॅटरीची वायर न काढता रोज लावला तर चालेल ना?

उदगीर_गॅरेज
चार-पाच अँपियरचा पुरे, ऑटो कट असलेलाच बघा. वायर काढायची गरज नाही. चावी पूर्ण बंद करून मगच लावायचा. आधी लाल क्लिप प्लसला, मग काळी इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीजवळ नाही. मग बोर्डाचं बटण चालू. सकाळी आधी बटण बंद, मग काळी काढायची, शेवटी लाल. अण्णांना एकदा करून दाखवायला सांगा, आणि क्लिपांना लाल-काळी चिंधी बांधून द्या, संध्याकाळी नीट दिसत नाही.