मेल्यावर लगेच न्याय, की शेवटच्या दिवशी?

मिरजेची सून:
जय ख्रिस्त. सासूबाई गेल्या महिन्यात प्रभूत निजल्या. जन्मभर मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या. गुडघ्यांपायी शेवटी शेवटी देवळात जाणं सुटलं होतं. दफनाहून आल्यावर चहा घेताना नात्यातले एक काका म्हणाले, "उपासना चुकवणाऱ्यांचा न्याय कडक होतो." ह्यांच्या हातातला कप तसाच राहिला. तेव्हापासून धड जेवत नाहीत. बायबलमधलं इब्री ९:२७ म्हणतं, मरण एकदाच, मग न्याय. प्रकटीकरण २० मध्ये पांढरं राजासन, उघडलेली पुस्तकं, ते सगळं शेवटी. मग आई आज कुठे आहेत? आणि निकाल आधीच लागला असेल तर शेवटचा न्याय कशाला?

निवृत्त शिक्षक, सातारा:
ताई, आधी तुमच्या यजमानांना योहान ५:२४ वाचून दाखवा. विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात पार गेला आहे. तिथे हजेरीपट नाही. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेला चोर कुठल्या उपासनेला गेला होता? त्याला 'आज'च सुखलोक मिळालं.

प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार सांगतो, की देह मातीला मिळतो, आत्मा लगेच देवाकडे जातो आणि नीतिमानांचे आत्मे त्याचं मुख पाहत देहाच्या उद्धाराची वाट पाहतात. म्हणजे आई प्रभूजवळ आहेत, पुनरुत्थान बाकी आहे.

मग शेवटचा न्याय कशाला? सगळं उघड व्हावं म्हणून. मत्तय २५ मध्ये न्यायाच्या वेळी प्रभूच्या उजवीकडे उभे केलेले नीतिमान लोक गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला केव्हा भुकेला पाहिलं? आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानातही नाही. प्रभू मात्र एकेक सांगतो: भुकेला, तान्हेला, परका, उघडा, रोगी, बंदिशाळेत. 'रोगी' म्हणताना आईंच्या रात्रपाळ्या आठवा. कर्मांनी तारण होत नाही, पण विश्वासाचं फळ त्या दिवशी सर्वांदेखत दाखवलं जाईल. आणि ज्या गोरगरिबांवरचा अन्याय कुठल्या कोर्टात उभाच राहिला नाही, त्यांच्यासाठी तर तो दिवस यायलाच हवा.

सांगलीकर कॅथलिक:
आम्ही दोन्ही मानतो. मरताक्षणी ज्याचा त्याचा न्याय, ख्रिस्त परत येईल तेव्हा सर्वांचा. तुमचा प्रश्न पोपनाही पडला होता, ताई. बाविसावे जॉन प्रवचनांत म्हणत, की देवाचं पूर्ण दर्शन शेवटच्या न्यायानंतरच. त्यांच्यामागून आलेल्या बाराव्या बेनेडिक्टांनी १३३६ मध्ये ठरवून दिलं, की शुद्ध आत्म्यांना ते आधीच होतं. ज्यांची शुद्धी व्हायची आहे त्यांच्यासाठी आम्ही प्रार्थना करतो, २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, असते. आईंचं नाव घेऊ का?

निवृत्त शिक्षक, सातारा:
मृतांसाठी प्रार्थना आम्हाला शास्त्रात दिसत नाही, भाऊ. तिथे आपलं जमायचं नाही. पण न्याय करणारा तोच, हातांना खिळ्यांचे व्रण असलेला, यावर आपण एक आहोत.

मिरजेची सून:
भाऊ, नाव जरूर घ्या, ह्यांनाही चालेल. सर, योहान ५:२४ ह्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. रविवारी घरच्या प्रार्थनेत मत्तय २५ घेतोय. त्या काकांनाही बोलावलंय.