जुन्या मोबाइल गेम्सचं सामान: पावसाळ्याआधी सगळ्यात पहिलं काय वाचवावं?

माहीमकर_७:
दादरच्या एका गाळ्यात २००४ ते २००८ मधल्या जावा मोबाइल गेम्सच्या कामाचा खोका आहे. ११ फ्लॉपी, चाळीसेक सीडी-आर, दोन ३.५ इंची आयडीई (जुन्या जोडणीच्या) हार्ड डिस्क आणि स्प्राइटच्या, म्हणजे गेममधल्या छोट्या चित्रांच्या, रेखाटनांच्या चार फायली. काही फ्लॉपींवर पांढरे ठिपके आलेत. भिंतीला ओल आहे. मूळ मालकांची लेखी परवानगी घेतली आहे. सुरुवात कुठून करू? सीडीवरच्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तर चालतील?

चुंबकपट्टी:
ठिपके म्हणजे बुरशी. त्या फ्लॉपी आधी वेगळ्या पिशवीत टाका, ड्राइव्हला अजिबात लावू नका. बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटते, चकतीचा थर खरवडते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीचंही वाटोळं करते. मास्क लावा, पातळ पात्याने कवच उघडा, चकती ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या स्वच्छ कवचात घाला. मग ग्रीसवीझलने (फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीला जोडणारा बोर्ड) फ्लक्स, म्हणजे चकतीवरचे मूळ चुंबकीय संकेत, वाचा.

पण पहिला नंबर हार्ड डिस्कचा. त्या विंडोजला जोडू नका, ते न विचारता डिस्कवर लिहितं. लिनक्सवर माउंट न करता (फाइली न उघडता) डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची पूर्ण प्रत काढणारा प्रोग्राम चालवा: पहिल्या फेरीत खराब भाग सोडून सगळं घ्या, त्याच मॅप फाइलवर (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) दुसऱ्या फेरीत तीन प्रयत्न. लॅमिंग्टन रोडवर अडॅप्टर घेताना १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेलाच घ्या, ३.५ इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. टक-टक आवाज आला तर लगेच वीज काढा. त्यापुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

जार_आणि_जॅड:
सीडीची पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या चकतीची जशीच्या तशी प्रत, काढा, नुसती फाइलींची कॉपी नको. बॅकअपच्या सीडी बऱ्याचदा मल्टिसेशन, म्हणजे वेगवेगळ्या वेळी सत्रासत्राने भरलेल्या, असतात. फाइल एक्सप्लोररला शेवटचं सत्र दिसतं, आधीच्या सत्रातली जुनी आवृत्ती तशीच राहून जाते. आपल्याला नेमकी तीच हवी असते! प्रत्येक सत्र वेगळं वाचा. चिकटवलेलं लेबल सोलू नका, परावर्तक थर त्याच बाजूला असतो, तोही निघून येतो.

दुसरं, जारच्या फाइली (यात अख्खा गेम बांधलेला असतो) उघडून पुन्हा झिप करू नका. जॅडमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीच्या छोट्या फाइलीत, जारचा आकार बाइटमध्ये लिहिलेला असतो, तो जुळला नाही तर फोनवर गेम बसत नाही. १२८×१२८ आणि १७६×२०८ पडद्यांच्या जार दिसायला एकच गेम, पण चित्रं आणि कधीकधी लेव्हलही वेगळ्या. 'डुप्लिकेट' म्हणून एकही उडवू नका. वायरलेस टूलकिट आणि फोन कंपन्यांच्या एसडीके, म्हणजे गेम बनवायच्या साधनांचे, इन्स्टॉलर सापडले तर तेही ठेवा. त्यांच्याशिवाय सोर्स कोड वाचता येईल, पण त्यातून तोच गेम पुन्हा बांधणं फार अवघड.

कागदवाला:
फायलींना हात लावण्याआधी खोक्याचे थराथराने फोटो काढा. कुठला कागद कुठल्या सीडीला लागून होता, यावरूनच पुढे धागा जुळतो.

लोखंडी पिना काढा, त्यांचा गंज कागद खातो. सेलोटेप आणि लॅमिनेशन नको. ग्राफ पेपरवरचे स्प्राइट पेन्सिलचे असले तरी रंगीतच स्कॅन करा, ६०० डीपीआय, टिफ. चौकटीत कुठला रंग भरायचा त्याचे आकडे कडेला फिक्या शाईत असतात, कृष्णधवल स्कॅनमध्ये ते उडतात. पाठची बाजूही घ्या.

माहीमकर_७:
इमेज काढून झाल्यावर मूळ सीडी-फ्लॉपी टाकून देऊ?

चुंबकपट्टी:
नको. प्रत्येक इमेजचा एसएचए-२५६ (फाइल बदलली का ते ओळखायचा ठसा) काढून ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा आणि तिसरी मुंबईबाहेर ठेवा. मूळ वस्तू हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. जेलचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की जेल बदला. पावसाळ्यात ते लवकर होईल, तेव्हा दर आठवड्याला बघा.