चमत्कार झाला नाही म्हणजे विश्वास कमी पडला?

‘विश्वास पक्का असेल तर चमत्कार होतोच, नाही झाला तर खोट विश्वासात’ हे मत मला अजिबात पटत नाही. आजारी माणसावर दुखण्याबरोबर अपराधीपणाचंही ओझं लादणारी शिकवण आहे ही.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला (अध्याय ९) बाप आठवा. मुलाच्या व्याधीने पिचलेला तो येशूला म्हणतो, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवायला मदत कर. इतक्या डळमळीत विश्वासावरही मुलगा बरा होतो! आणि येशूचा प्रेषित पौल? शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली (करिंथकरांना दुसरं पत्र, अध्याय १२). काटा राहिलाच, माझी कृपा तुला पुरे, असं प्रभूकडून उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास तोकडा होता असं कोण म्हणेल?

लूकच्या शुभवर्तमानात (११:२०) येशू भुतं काढण्याचा संबंध थेट देवाचं राज्य येण्याशी जोडतो. म्हणजे चमत्काराची सुरुवात देवाकडून आहे, माणसाच्या विश्वासातून नाही.

येशूच्या गावाचा, नासरेथचा दाखला (मार्क ६) या वादात हमखास दिला जातो: तिथे लोकांच्या अविश्वासामुळे येशूला फारसे चमत्कार करता आले नाहीत. पण तिथला अविश्वास ‘हा तर सुतारच ना’ म्हणून येशूला झिडकारणाऱ्या गावकऱ्यांचा होता. कळवळून मागणाऱ्या रुग्णाला तो लावणं अन्यायाचं आहे. शिवाय तिथेही त्याने थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलंच.