खड्डा आला की गाडीचा करंटच जातो

पाऊस सुरू झाल्यापासून चालत्या बाईकचं मीटर, हॉर्न, इंजिन सगळं एकदम गुल होतं आणि पुढचा खड्डा बसला की परत येतं, मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदला, पण सेल्फ तर झकास लागतो मग बॅटरी कशी गेली?

घाटवेडा: नको बदलू रे. सगळंच जातंय म्हणजे बॅटरीचं टर्मिनल, अर्थिंग, मेन फ्यूज नाहीतर इग्निशन स्विच. न्यूट्रलला चालू ठेवून हँडल फिरव, तिथली वायरिंग हलव, आतली तार तुटते पण वरून धडधाकट दिसते.

स्पॅनर१०: बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लाव, बंद गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास, रेस दिल्यावर साधारण १४ यायला हवेत. १५ च्या वर गेलं तर रेक्टिफायर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) बघ.

प्रश्नकर्ता: हँडल डावीकडे नेलं की जातंय!!

घाटवेडा: मग तीच तार. सोल्डर करून हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) घाल, नुसती चिकटपट्टी नको, आणि वायर जरा ढिली ठेव.