सहा जेवणं चुकली : चोरी माफ, मग खोटं का नाही?

(चर्चामंचावरचा वाद. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप

उपाशी माणसानं चोरी केली तर तिला चोरी म्हणायचं का, हा वाद जुनाच. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात : दुसऱ्याचं घेणं आणि त्याबद्दल खोटं बोलणं. माझं मत असं की जीव जायची वेळ आली तर घेणं माफ, खोटं बोलणं नाही.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात याचा हिशोबच मांडलाय. सहा जेवणं चुकलेल्या माणसानं (दिवसाला दोन धरली तर तीन दिवस) सातव्या जेवणाच्या वेळी खळ्यातून, शेतातून, घरातून, जिथून मिळेल तिथून घ्यावं. अटी दोन. उद्यासाठी साठवायचं नाही आणि मालकानं विचारलं तर खरं काय ते सांगायचं.

तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसही जवळपास तिथेच पोचतो. टोकाच्या गरजेत घेतलेलं, मग ते उघड असो की गुपचूप, खऱ्या अर्थानं चोरीच नव्हे असं तो म्हणतो. खोटं मात्र कोणाचा जीव वाचवण्यासाठीही बोलू नये, हाही त्याचाच निर्वाळा. एकमेकांचा वारासुद्धा न लागलेल्या दोन परंपरा घेणं आणि लपवणं वेगळं काढतात, याला काहीतरी कारण असणार. मला दिसणारं कारण हे : घेतल्यानं मालकाची वस्तू जाते. खोटं बोलल्यानं ती कुठे गेली हेही त्याला कळत नाही, म्हणजे भरपाई मागायची सोयही जाते.

रोखठोक

गरज कोण मोजणार? घेणाराच ना? स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश. तिथेच सगळं फसतं.

इंग्लंडमध्ये १९७१ सालचा निकाल आहे. बेघर कुटुंबं पालिकेच्या रिकाम्या घरांत शिरली होती. घरं रिकामी, माणसं खरंच बेघर, बनाव कुठलाच नाही. तरी न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी बचाव फेटाळला. भूक हे चोरीचं कारण म्हणून एकदा मान्य केलं की त्या वाटेनं सगळ्या प्रकारची बेबंदशाही आत येईल, आणि बेघरपण मान्य केलं तर कोणाचंच घर सुरक्षित राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. लोक याला निर्दयी म्हणतात. मला ते व्यवहारी वाटतं. शिक्षा देताना दया दाखवा, हवी तेवढी दाखवा. पण आधीच परवाना देऊन ठेवू नका.

बारा_भानगडी

@तळटीप, मनुस्मृतीचा दाखला अर्धाच दिलात. ती सवलत कोणाला आहे तेही लिहा की. संदर्भ ब्राह्मणाचा आहे, घ्यायचं ते 'हीनकर्मा' (ज्याची कर्मं हलकी मानली अशा) माणसाकडून, आणि लगेच पुढे ब्राह्मणाचं धन क्षत्रियानं कधीही घेऊ नये असा दंडक. भूक सगळ्यांना सारखीच लागते, माफी मात्र जात बघून.

त्याच भागात एक कामाचं वाक्य आहे, ते मात्र सगळे गाळतात. अशा माणसाला राजानं शिक्षा करू नये, कारण तो उपाशी राहिला तो राजाच्याच नादानपणामुळे. उपाशी माणसाच्या चारित्र्याची झडती घेण्याआधी धान्य कोणाच्या ताब्यात होतं ते विचारा.

कलमबहाद्दर

कायद्यात दोन खण आहेत आणि इथे त्यांची सरमिसळ होतेय. एक, कृत्य *योग्यच होतं*. दुसरा, कृत्य अयोग्य होतं, पण *या माणसाला दोष देता येत नाही*. जर्मन दंडसंहितेत यासाठी लागोपाठ दोन वेगळी कलमं आहेत, ३४ आणि ३५. पहिल्या खणात बसलात तर तुम्हाला अडवणाराच चुकीचा ठरू शकतो. दुसऱ्यात बसलात तर मालकाला अडवायचा पूर्ण हक्क, फक्त तुम्हाला शिक्षा नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं हेच फुटक्या जहाजाच्या फळीवरून सांगितलं. स्वतः तरण्यासाठी दुसऱ्याला फळीवरून ढकलणारा निर्दोष नाही, पण त्याला शिक्षा करून उपयोगही नाही. बुडणाऱ्याला फाशीची काय भीती?

आता इटलीतला खटला. जिनोआच्या सुपरमार्केटात एका बेघर माणसानं ब्रेडस्टिक्सचे पैसे दिले आणि चीज व सॉसेज खिशात ठेवले. मालाची किंमत जेमतेम चार युरो. खालच्या न्यायालयांनी सहा महिने कैद आणि शंभर युरो दंड दिला. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली : तातडीची, टाळता न येणारी अन्नाची गरज आणि अगदी थोडं घेतलेलं, म्हणून गुन्हाच नाही. 'थोडं' हा शब्द तिथे जीव की प्राण आहे. त्याच खिशात विकण्याजोगा माल सापडला असता तर बचाव जागीच संपला असता.

आणखी एक, कारण इथेच माणसं अडकतात. पकडल्यावर धक्काबुक्की केली की प्रकरण बदलतं. माल घेऊन जाताना इजा केली किंवा तिची धमकी दिली तर आपल्या कायद्यात चोरीची जबरी चोरी होते, मग किंमत चार असो की चार लाख. उलट, माल पाच हजार रुपयांच्या आतला, पहिल्यांदाच दोषी आणि माल किंवा त्याची किंमत परत, असं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये समाजसेवेची शिक्षा आहे. परत देण्याला किंमत आहे, पळण्याला नाही.

उलटतपासणी

@तळटीप, वरचाच खटला बघा. ब्रेडस्टिक्सचे पैसे देऊन बाकीचं खिशात ठेवणं ही तोंड न उघडता मारलेली थापच की! तरी न्यायालयानं सोडलं. मग तुमची 'घेणं माफ, लपवणं नाही' ही रेघ कुठे गेली?

मी तर उलटं म्हणेन. अडचणीत खोटं बोलणं हे चोरीपेक्षा सौम्य आहे, कारण ते बहुतेक वेळा मालकाशी नसून फॉर्मशी असतं. मदतीच्या अर्जात 'मासिक उत्पन्न' असा एकच रकाना. रोजंदारीवाल्याला मासिक आकडा असतो कुठे? महिन्यातले दोन आठवडे बरे गेले आणि ते लिहिले की तो मर्यादेच्या वर, पुढच्या महिन्यात काम शून्य असलं तरी बाद. मर्यादा उतरती नसून कड्यासारखी तुटलेली असते तेव्हा एका जास्तीच्या दिवसाच्या मजुरीपायी अख्खी मदत जाते. असा फॉर्म खरं बोलणाऱ्यालाच दंड करतो.

१९५१ च्या निर्वासित कराराचं कलम ३१ वाचा. जिवाच्या भीतीनं थेट पळून आलेल्याला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये असं ते सांगतं. खोटे कागद दाखवून आलेल्यांचा बचावही याच कलमावर उभा राहतो. जगानं अडचणीतलं खोटं केव्हाच पोटात घातलंय.

तळटीप

कलम ३१ पूर्ण वाचा. विनाविलंब अधिकाऱ्यांसमोर स्वतः हजर व्हायचं आणि सबळ कारण सांगायचं, ही अट आहे. म्हणजे सीमेपर्यंतचं खोटं एक वेळ माफ, नंतरचं नाही. 'विचारलं तर सांगायचं' यापेक्षा हे फार वेगळं नाही.

रोखठोक

सगळं खोटं एका मापाचं नसतं, त्यामुळे 'फॉर्मशी खोटं' हे मला पटत नाही. उत्पन्न लपवणं एक. घरातली माणसं वाढवून सांगणं दुसरं. मदत केंद्रावर माल डोक्यांच्या हिशोबानं येतो, यादीत फुगवटा असेल तर रांगेतल्या शेवटच्यांना रिकामं जावं लागतं, आणि ते काही सुखवस्तू नसतात. तिसरं, दुसऱ्याच्या कागदांवर उपचार घेणं. हे सर्वांत घातक. नोंदीत तुमचा रक्तगट आणि तुमची औषधं त्याच्या नावावर चढतात. पुढे तो बेशुद्धावस्थेत आला की डॉक्टर समोर ती नोंद ठेवून औषध देणार. इथे कोणाचा फॉर्म आणि कोणाचा जीव?

उलटतपासणी

तिसरं मान्य. दुसरंही बऱ्याच अंशी. पहिल्यावर ठाम आहे.

ओंजळभर

'उद्यासाठी साठवायचं नाही' ही अट सगळ्यांनी बिनतक्रार गिळली याचं आश्चर्य वाटतं. छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट आहे. दुष्काळात तो एका श्रीमंताकडून त्याचेच उष्टे कुल्माष (हलकं कडधान्य) मागून खातो. पाणी देऊ केल्यावर नको म्हणतो : हे खाल्लं नसतं तर जगलो नसतो, पाणी मला हवं तेव्हा मिळेल. गरजेचं माप म्हणून हा दाखला सगळे देतात. (मागून घेतलं, चोरून नाही, हे मान्य.)

पुढचं मात्र कोणी सांगत नाही. उरलेले कुल्माष तो बायकोला नेऊन देतो, ती ते ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शिळे खाऊन तो राजाच्या यज्ञात काम मिळवायला जातो. म्हणजे बाहेर काढलं ते साठवलेल्यानंच! आज पोटापुरतंच घ्यायला सांगितलं की उद्या तोच माणूस त्याच दारात पुन्हा उभा. 'कामाला लागेपर्यंत पुरेल इतकं' हे जास्त शहाणं माप आहे.

रोखठोक

मी म्हटलं होतं ना, माप वाढतच जातं. ३१ डिसेंबर १९४६ ला कोलोनच्या कार्डिनल फ्रिंग्सनी प्रवचनात सांगितलं की काम करून किंवा मागून मिळत नसेल तर जगण्यापुरतं घेता येईल. कडाक्याची थंडी, कोळसा नाही. लोकांनी कोळसा चोरण्याला त्यांच्याच नावाचं क्रियापद करून टाकलं. त्याच प्रवचनात ते हेही म्हणाले होते की पुष्कळांनी मर्यादा कधीच ओलांडलीय आणि त्यांनी घेतलेलं परत केलं पाहिजे. ते वाक्य कोणाच्या लक्षात राहिलं?

कलमबहाद्दर

लक्षात राहिलं नाही म्हणून ते चुकीचं ठरत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटाचा १९१० सालचा निकाल बघा. वादळात एक जहाज धक्क्याला बांधूनच ठेवलं गेलं होतं. सोडलं असतं तर बुडालं असतं. आपटून धक्का मोडला. न्यायालय म्हणालं, बांधून ठेवणं बरोबरच होतं, पण धक्क्याचे ५०० डॉलर भरा. घेणं माफ, देणं शिल्लक. @रोखठोक, तुमच्या 'परवान्या'ला हा लगाम पुरेसा नाही का?

रोखठोक

जहाजमालकाकडे ५०० डॉलर होते. उपाशी माणसाकडे काय आहे? शिवाय सतराव्या शतकातला डच कायदेपंडित ग्रोशियस याची अट वर कोणीच काढली नाही : मालक तेवढ्याच गरजेत असेल तर घेता येत नाही. दुकानातली तूट पगारातून कापली जात असेल तर खरा मालक गल्ल्यावरचा पोऱ्या आहे. त्याच्या घरी किती जेवणं चुकली हे घेणाऱ्याला कसं कळणार?

बारा_भानगडी

नाहीच कळणार. म्हणून तर तूट पोऱ्याच्या पगारातून कापणं आधी बंद करा म्हणतोय. त्या चोरीवर वर एकानंही अक्षर लिहिलेलं नाही.