मदत हवी आहे : गारपिटीत सिमेंटच्या पत्र्यांना भेगा पडल्या, सर्वेअर फक्त भोकं धरतो आहे

नमस्कार मंडळी. अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यातून लिहितो आहे. संत्र्याचं थोडं वावर, थोडी तूर-हरभरा, आणि वडिलांनी बांधलेलं घर. त्या घराच्या छताबद्दल विचारायचं आहे. ज्यांनी घराच्या विम्याचा क्लेम स्वतः केला आहे किंवा ज्यांना पत्र्याच्या कामातलं कळतं, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. पिकाचा पंचनामा झाला, त्यातलं मला ठाऊक आहे. घराचं पहिल्यांदाच अंगावर आलं आहे.

विटा-सिमेंटच्या भिंती, मधोमध आडं, दोन्हीकडे उतार. समोरची खोली, माजघर आणि ओसरीवर १० फुटी सिमेंटचे नालीदार पत्रे, दोन्ही उतार मिळून २०. मागे स्वयंपाकघरावर जुने कवेलू (कौलं). बाजूला गाईचा कोठा, त्यावर टिन. २०२२ मध्ये बँकेकडून कर्ज घेऊन न्हाणी, संडास आणि फरशीचं काम केलं, तेव्हा बँकेनंच घराचा विमा काढून दिला. पॉलिसीचा कागद मात्र मी गारपिटीनंतर पहिल्यांदा पाहिला, तोही बँकेत दोन चकरा मारून. पॉलिसीचं नाव 'भारत गृह रक्षा' आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेकडून वारा सुटला आणि मग दहा-बारा मिनिटं गारा. सुरुवातीला बोराएवढ्या, नंतर आवळ्याएवढ्या. ओसरीत तुरीचे कट्टे (पोती) होते. ते भिजतील म्हणून मी आणि भाऊ ओढत माजघरात नेत होतो, आणि माजघरातलाच पहिला पत्रा फुटला. गार आणि पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा दोन्ही एकदमच फरशीवर पडले. आई दोन हात अंतरावर होती. तिला काही लागलं नाही, गायही वाचली. बाकी सगळं त्यानंतरचं.

पाच पत्र्यांना आरपार भोकं पडली. कवेलू बरेच फुटले, पण ते आम्ही जुन्या ढिगातले काढून आठ दिवसांत बसवले. कोठ्याच्या टिनाला पोचे आले आहेत, गळत नाही. खरा त्रास वेगळाच आहे. दोन दिवसांनी रात्री हलकं पाणी आलं, तर भोकं नसलेल्या पत्र्यांखालीही ओल दिसली. वरून पाहिलं तर पत्रा चांगला. खालून पाहिलं तरी कोरडा असताना काहीच दिसत नाही. पाणी पडून पंधरा-वीस मिनिटं झाली की जिथे गारेचा मार बसला तिथे एक काळपट रेघ उमटते, केसासारखी, नालीला आडवी. रेघेच्या टोकाला थेंब धरतो आणि बराच वेळ तिथेच लोंबत राहतो. पोरीनं खाटेवर उभं राहून प्रत्येक रेघेभोवती खडूनं गोल काढले. असे आठ पत्रे निघाले. म्हणजे २० पैकी १३ गेले.

विमा कंपनीचे सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासणारे, नवव्या दिवशी आले, भर दुपारी, छत वाळून खडंग असताना. वीस मिनिटं थांबले, भोकांचे फोटो घेतले. खडूचे गोल दाखवले तर म्हणाले, "या जुन्या भेगा आहेत, पत्रेही जुने आहेत." पाच पत्रे लिहून गेले. फोनवर कळलं की साडेआठ हजारांच्या आतच बसेल.

गावातल्या मिस्त्रीचा हिशोब असा आहे. १३ पत्रे बदलायचे तर १,१५० प्रमाणे १४,९५०, आड्याचे तुकडे, हूक आणि डांबरी वायसरचे २,०५०, मजुरी ६,०००, गाडी १,५००. एकूण २४,५००. तो म्हणतो, "भाऊ, यापेक्षा सगळंच काढून कलरचे पत्रे टाका, ३८,००० मधी होते. हे आठ पत्रे टपकतेच, मी सांगतो तुमाले." आईचं म्हणणं एकच आहे, मिरग लागायच्या आधी करा. हातात फार तर दोन महिने आहेत आणि हरभऱ्याचे पैसे अजून आले नाहीत.

आता विचारायचं ते असं. अशा बारीक भेगा गारेच्याच आहेत हे कसं दाखवायचं? सर्वेअरनं एकदा लिहिलेलं बदलता येतं का, आणि कोणाकडे? पॉलिसीत मी 'गारपीट' हा शब्द शोधला, सापडला नाही, 'वादळ' आहे. त्यावरून नाकारतील का? शेजारी म्हणतात ७२ तासांत कळवलं नाही तर काहीच मिळत नाही. मी बँकेला पाचव्या दिवशी अर्ज दिला आणि कंपनीला त्याच दिवशी फोन केला. आणि तलाठ्यानं घराचा पंचनामा केला आहे, ती सरकारी मदत घेतली तर विमा जातो का? आधी पत्रे बदलून नंतर बिल दिलं तर चालेल का, हेही कोणी सांगितलं तर उपकार होतील.

प्रतिसाद : पत्रेकाम

भाऊ, पंचवीस वर्षं हेच काम करतो आहे. तुमच्या पोरीनं खडूनं खुणा केल्या ते फार चांगलं झालं, पुसू देऊ नका.

सिमेंटचा पत्रा वाकत नाही, तडकतो. वरून मार बसला की ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून भेग खालून उघडते आणि वरून काहीच दिसत नाही. सर्वेअरला वरून किंवा कोरड्यात ती दिसणार नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. त्यांना पुन्हा बोलवा आणि त्यांच्यासमोर पाणी मारा. मोटरचा पाइप आड्यावरून सोडा, वीस मिनिटं धार ठेवा, मग आत नेऊन टॉर्च तिरपा धरून दाखवा. मोबाइलवर सुरुवातीपासून न थांबवता चित्रण करा, म्हणजे कोरडा पत्रा, पाणी आणि रेघ एकाच तुकड्यात येतील.

जुनी भेग आणि नवी भेग ओळखता येते. जुन्या भेगेत धुराची काजळी बसलेली असते, कडेला चुन्यासारखा पांढरा ओघळ असतो, कधी शेवाळ, कधी कोळिष्टक. नवीच्या कडा स्वच्छ आणि फिकट राखाडी असतात. फुटलेल्या पत्र्याचा तुकडा शेजारी धरून फोटो काढा, रंग जुळेल. आणखी एक पाहा. वयानं गेलेला पत्रा बहुतेक हुकाच्या भोकापासून तडकतो. तुमच्या भेगा पत्र्याच्या मधे आहेत का? आणि १३ पैकी पश्चिमेच्या उतारावर किती? गारा पश्चिमेकडून आल्या आणि नुकसानही त्याच अंगाला जास्त असेल तर ते कागदावर काढून द्या. दोन चौकोन, त्यात २० रकाने, भोकाला फुली, भेगेला आडवी रेघ.

एक विनंती. तडकलेल्या पत्र्यावर पाय देऊन कोणी चढू नये, पोरासोरांना तर अजिबात चढू देऊ नका. चढायचंच असेल तर पत्र्याखालच्या आधाराच्या दोन पाइपांवर टेकेल अशी लांब फळी टाकून तिच्यावरून चाला. आणि जुन्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतं. कटरनं कोरडा कापू नका, ओला करून हलक्या हातानं उतरवा. तुकडे कुटून अंगणात भर म्हणून टाकतात, ते करू नका. ती धूळ छातीत बसली की निघत नाही.

प्रतिसाद : खामगावची सून

दादा, आमच्याकडे २०१४ च्या गारपिटीत हेच झालं. सासऱ्यांनी फक्त भोकवाले पत्रे बदलले आणि बाकीच्यांना वरून डांबर लावलं. श्रावणात भेगा उघडल्या, भिंतीचा वरचा थर भिजला, आणि पुढच्या वर्षी पत्र्यांसकट भिंतीचं काम निघालं. म्हणून तुमच्या आईंचं ऐका.

७२ तासांचं ते पीक विम्याचं आहे. गारपिटीनं पिकाचं नुकसान झालं की ७२ तासांत कळवायचं असतं, तो नियम घराच्या विम्याला लावायचं कारण नाही. गावात दोन्हीची सरमिसळ होते.

सरकारी मदत वेगळी. गारपीट ही आपत्तीच्या यादीत आहे. २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे पक्क्या घराची निदान १५ टक्के पडझड झाली असेल तर ६,५००, कच्च्याला ४,०००, झोपडीला ८,००० आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. घर पूर्ण गेलं तर सपाट भागात १,२०,०००. पंचनाम्यात तुमचं घर पक्कं लिहिलं की कच्चं, हे तलाठी कार्यालयात जाऊन डोळ्यांनी पाहा. भिंती विटांच्या असूनही वर पत्रे आहेत म्हणून आमच्याकडे कच्चं लिहून गेले होते. सांगून दुरुस्त करून घेतलं.

प्रतिसाद : क्लेमचे कागद

मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात काम केलं आहे, आता निवृत्त आहे. तुमच्या हातात वाटतं त्यापेक्षा जास्त आहे.

भारत गृह रक्षा ही विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना सारखी दिलेली पॉलिसी आहे. त्यात वादळ, चक्रीवादळ, तुफान, पूर ही कारणं लिहिलेली आहेत. तुमच्या गारा वाऱ्या-वादळासोबत आल्या, हे कागदांवर दिसलं पाहिजे. पंचनाम्यात 'वादळी वारा व गारपीट' असे शब्द आहेत का पाहा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या त्या दिवसांच्या इशाऱ्यांची छापील प्रत जोडा. तुमच्या महसूल मंडळातल्या महावेधच्या (स्वयंचलित हवामान केंद्राच्या) यंत्रावर वारा आणि पावसाची नोंद मिळेल. गारांची नोंद ते यंत्र घेत नाही, त्यामुळे पंचनाम्यात गारांचा उल्लेख असणं महत्त्वाचं.

सगळ्यात आधी दाव्याचा फॉर्म भरला का ते सांगा. नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत तो कंपनीकडे जायला हवा. बँकेला दिलेला अर्ज म्हणजे कंपनीला दिलेला फॉर्म नव्हे, आणि फोनही नव्हे. बरेच क्लेम इथेच अडकतात.

भरपाई किती, तर नुकसान होण्याआधी घर जसं होतं साधारण तसं करायला जो खर्च येईल तो. म्हणून १३ सिमेंटच्या पत्र्यांचा हिशोब मागता येईल. कलरचे पत्रे टाकलेत तर वरचा फरक तुमचा. दुरुस्ती करून मग खर्च मागायचा अशीच त्या पॉलिसीची रीत आहे, पण कंपनीनं पाहण्याआधी मूळ पुरावा हलवू नका. ताडपत्री टाकणं, पाणी अडवणं हे करायलाच हवं, त्याचंही बिल ठेवा. मोडतोड हलवायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतं. दुकानाचं पक्कं बिल घ्या, आणि मिस्त्रीकडून मजुरीची सही केलेली पावती.

'पत्रे जुने आहेत' हे उत्तर अर्धवट आहे. झीज भरून मिळत नाही हे खरं, पण जुना पत्रा गारेनं फुटला तर ती झीज होत नाही. कंपनीला लेखी पत्र लिहा : सर्वेअरनं आठ पत्रे तपासले नाहीत, ओल्या छतावर पुन्हा पाहणी करावी, आणि सर्वेक्षण अहवालाची प्रत द्यावी. उत्तर नकाराचं आलं किंवा ३० दिवसांत आलंच नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून एक वर्षाची मुदत आहे.

सरकारी मदत घेतली म्हणून विम्याचा हक्क जात नाही. बँकेचं मात्र आत्ताच बोलून ठेवा. कर्ज असल्यामुळे पॉलिसीवर बँकेचं नाव असेल आणि पैसे कर्जखात्यात जमा होतील. दुरुस्तीसाठी रक्कम हातात द्यावी असा अर्ज शाखेत देऊन पोच घ्या.

प्रतिसाद : मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री वाचलं आणि सकाळी उठून मोजलं. १३ पैकी ११ पत्रे पश्चिमेच्या उतारावर आहेत. आठही भेगा पत्र्याच्या मधे आहेत, हुकापाशी एकही नाही. हे मी इतके दिवस रोज पाहत होतो आणि लक्षात आलं नव्हतं.

फॉर्म भरलेला नव्हता. सव्विसावा दिवस होता. भाऊ तसाच अमरावतीला गेला, कंपनीच्या ऑफिसात फॉर्म दिला आणि शिक्का मारलेली पोच घेऊन आला. पुन्हा पाहणीचं पत्रही त्यासोबतच दिलं. 'क्लेमचे कागद' यांनी फॉर्मचं विचारलं नसतं तर मी बँकेच्या भरवशावर बसून राहिलो असतो.

तलाठ्यांकडेही जाऊन आलो. पंचनाम्यात वारा आणि गारपीट दोन्ही आहे. घर कच्चं लिहिलं होतं. घरकराची पावती आणि फोटो दाखवले, त्यांनी दुरुस्ती करून सही केली.

कलरच्या पत्र्यांचा विचार सध्या सोडला आहे. मिस्त्रीला १३ पत्र्यांचं सांगून ठेवलं, पण हात लावू नको म्हटलं. पोरीनं दोन चौकोन आणि २० रकाने वहीत काढून दिले, प्रत्येक रकान्यात खडूच्या गोलाचा नंबर घातला आहे.

कंपनीचा फोन आला, सर्वेअर पुढच्या बुधवारी सकाळी नऊला येणार आहेत. गावात त्या दिवशी सकाळची वीज नसते, मोटर चालणार नाही. म्हणून आदल्या रात्रीच दोन टाक्या भरून ठेवतो आणि भाऊ शिडीवरून बादलीनं पाणी सोडेल. एवढंच विचारायचं होतं, बादलीनं सोडलेलं पाणी चालेल ना, की सलग धारच लागते? पत्रेकाम भाऊ, बुधवारच्या आधी सांगाल का.